विचारा की! पंधराशे जातील म्हणून नोकरीला नाही म्हणायचं का?

या वेळी जी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे लांबलचक मेसेज आले त्यातले निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीभोवती फिरतायत, सरकारी मदतीवर चाललेलं घर पक्क्या पगारावर कसं आणायचं. कोणी स्वतःसाठी विचारलंय, कोणी कामवालीसाठी, एका मंडळाने तर मशीनींचा फोटोच पाठवलाय. म्हणून आजचा सगळा कॉलम त्यालाच देतेय, लग्न जुळत नाही वाले प्रश्न पुढच्या महिन्यात.

प्रश्न : ताई नमस्कार, मी इंदूरमध्ये टिळकनगरला राहते. माझ्याकडे बऱ्याच वर्षांपासून धुणं-भांडी करणाऱ्या बाईला पालद्याच्या एका नमकीनच्या कारखान्यात पॅकिंगचं काम मिळतंय. साडेदहा हजार हातात देणार म्हणे. आत्ता चार घरं करून तिला साडेसहा मिळतात, नवरा सियागंजला हम्माली करतो त्याचे अकरा हजार धरा, दोन मुलं आहेत, धाकटी चार वर्षांची, सासू घरीच असते. पण बाई म्हणते लाडली बहना (मध्य प्रदेश सरकार बायकांना दर महिन्याला देतं ते पैसे) बंद होईल, राशन जाईल, आयुष्मान कार्ड जाईल, त्यापेक्षा आहे ते बरं. इतकी चांगली संधी सोडतेय, तिला कसं समजावू?

उत्तर : समजावू नका. आधी तिच्यासोबत बसा, कागद-पेन घ्या आणि हिशोब करा. मला खात्री आहे की तो हिशोब तिने डोक्यात केव्हाच केलाय, तुम्ही केलेला नाही.

बघा, हातात चार हजार वाढणार हे बरोबर. आता लाडली बहनाचा नियम असा की कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत पाहिजे. साडेदहा हातात म्हणजे पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापून कागदावर बारा हजार असणार, तसं असेल तर ठीकच, कारण आपल्याकडे अकुशल कामाचं किमान वेतन साधारण तेवढंच आहे, आणि जर कागदावरच साडेदहा असतील तर तिला कमी देतायत हे आधी विचारून घ्या. बारा आणि नवऱ्याचे अकरा, तेवीस हजार, वर्षाचे झाले दोन लाख शहात्तर हजार. म्हणजे नियमाप्रमाणे ती बाहेर. नोव्हेंबर २०२५ पासून हे पैसे महिन्याला १५०० आहेत, ते गेले. पालद्याला जायचे-यायचे रोजचे तीस रुपये धरले तर सव्वीस दिवसांचे ७८० गेले. चार हजारातून हे दोन्ही काढा, उरले १७२०. आत्ता ती दुपारी एक वाजता घरी असते, पोरीला जेवायला घालते, तिकडे आठ तास उभं राहायचं आणि महिन्याला सतराशे वीस जास्त! तुम्ही किंवा मी उड्या मारल्या असत्या का?

आणि याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. लाडली बहनाची नवीन नावं घेणं २०२३ मध्येच बंद झालंय. म्हणजे आज नाव कमी झालं आणि चौथ्या महिन्यात कारखानेवाल्याने सांगितलं की सीझन संपला, उद्यापासून येऊ नका, तर नोकरी गेली, पंधराशे पण गेले आणि परत लावता येत नाहीत, वर चारही घरं तोपर्यंत दुसरीने धरलेली. ती घाबरते ते याला. याला आळस म्हणणारे लोक भेटतात मला, खालच्या एका पत्रात पण आहेत, त्यांच्याशी नंतर बोलू.

आता दुसरी बाजू, जी तिच्या हिशोबात बहुतेक आलेली नाही कारण तिला कोणी सांगितलीच नसणार. कारखान्यात वीस किंवा जास्त लोक असतील तर पीएफ लागतो, दहा किंवा जास्त असतील तर ईएसआय. बारा हजारावर तिचे १४४० कापले जातात आणि तेवढेच मालकाला भरावे लागतात, मालकाच्या हिश्श्यातले हजार पेन्शनमध्ये जातात आणि बाकीचं सगळं धरून दर महिन्याला अठराशेच्या वर तिच्या नावावर जमा होत राहतात. ते सतराशे वीसच्या वेगळे. ईएसआयचे तिच्या पगारातून पाऊण टक्का म्हणजे नव्वद रुपये कापले जातात आणि त्यात ती, नवरा, मुलं सगळ्यांचा इलाज नंदानगरच्या हॉस्पिटलमध्ये होतो. आजारी पडली तर साधारण सहा महिन्यांच्या हिशोबात ७८ दिवस भरलेले असले की वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात. चार घरं करणाऱ्या बाईला टायफॉईड झाला तर काय मिळतं? तुम्ही एखादवेळी पैसे कापत नसाल, पण चारही घरं तशी नसतात.

म्हणून मी नोकरीच्या बाजूने आहे. पण एका अटीवर, हे सगळं खरंच कागदावर असेल तर. नोकरी पक्की आहे असं तोंडी सगळेच सांगतात. नवीन कामगार कायदे २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेत, त्यात प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र द्यायचंच आहे, ते मागा. पहिल्या पगारानंतर पीएफचा नंबर आणि ईएसआयचा नंबर मागा, सरकारच्या उमंग अ‍ॅपवर पैसे भरलेत का ते तुम्हीच तिला दाखवा, तुमचा मुलगा दोन मिनिटात करून देईल. पगारातून कापतात आणि पुढे भरत नाहीत असे महाभाग सगळीकडे असतात.

राशनचं म्हणाल तर पर्ची, म्हणजे राशन मिळायचा कागद, वेगवेगळ्या गटांतून बनते, तिची कुठल्या गटातून बनलीय ते कंट्रोलवाल्याकडे, राशनच्या दुकानात, विचारून घ्या, महिन्याला माणशी पाच किलो धान्य बारा हजाराच्या नोकरीने दुसऱ्या दिवशी बंद होत नाही. आयुष्मानचं कार्ड यादीवर बनलेलं असतं, पगाराच्या पावतीवर नाही, ते पण लगेच कुठे जात नाही. आणि लाडली बहनाचं उत्पन्न वर्षाचं बघायचंय, एका महिन्याचं नाही. पहिला पगार झाला की धावत जाऊन परित्यागाचा फॉर्म भरायची घाई कशाला? नोकरी टिकतेय, वर्षाचं उत्पन्न खरोखर वर जातंय असं दिसलं की तेव्हा स्वतःहून नाव काढून घ्यायचं. मात्र खोटं लिहून दोन्ही चालवा असं मी सांगणार नाही, ते नंतर अंगाशी येतं आणि एमपी ऑनलाईनवाला जो फॉर्म भरून देतो तो तेव्हा ओळख पण दाखवत नाही.

आता तुम्ही काय करायचं ते. तीन महिने तिची जागा राखून ठेवा. बदली बाई लावा पण तिला स्पष्ट सांगून ठेवा की ही बदलीच आहे. आणि पहिल्या पगाराचं बघा. घरकामाचे पैसे एक तारखेला मिळतात, कारखान्यात आज लागली तर पहिला पगार पुढच्या महिन्याच्या सातपर्यंत, म्हणजे पाच आठवडे घरात दमडी नाही, वर बसचं भाडं रोज खिशातून. बहुतेक बाया नोकरी सोडतात त्या याच दिवसांत, आणि लोक म्हणतात टिकल्या नाहीत. पाच हजार उसने द्या, मदत म्हणून नाही, उसने, पाच महिन्यात हजार-हजार परत घ्या. घेईल ती आणि फेडेल पण.

(एक सांगू का? पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की "ती गेली तर माझे हाल होतील पण तिचं भलं व्हावं". हे वाक्य मी छापलं नव्हतं, पण आवडलं.)

प्रश्न : मी परदेशीपुऱ्यात राहतो, आयटीआय फिटर केलंय, वय २१. पीथमपूरला एका ठेकेदाराकडून तेरा हजाराचं काम मिळतंय, दुसरीकडे सीखो-कमाओमध्ये (राज्य सरकारची काम शिकता शिकता स्टायपेंड देणारी योजना) साडेआठ हजारावर एका वर्कशॉपमध्ये घेतायत. आईला लाडली बहना मिळते, आजीला सहाशे रुपये पेन्शन, वडील नाहीत. आजी म्हणते आजोबा मिलमध्ये पर्मनंट होते तरी मिल बंद पडल्यावर काय झालं ते सगळ्यांनी बघितलं, मग पक्की नोकरी म्हणजे काय असतं? मला पण आता तेच वाटतं.

उत्तर : अरे, तुझ्या आजीचा प्रश्न या सगळ्या पत्रांत भारी आहे.

इंदूरमधल्या मिलमध्ये आपली किती मराठी घरं होती, खानदेशातून-विदर्भातून आलेली, ते तुला सांगायला नको. हुकुमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि कामगारांच्या थकलेल्या पैशाचा निकाल लागला तो २५ डिसेंबर २०२३ ला, साधारण २२४ कोटी रुपये, चार हजार आठशेच्या आसपास कामगार आणि त्यांची कुटुंबं. तीस वर्षं. कितीतरी जण वाट बघतच गेले, त्यांच्या बायका-मुलांनी पैसे घेतले. आजी बरोबर बोलते, पर्मनंट शब्दाने मिल चालू राहत नाही.

पण आजीला एक विचार, त्या तीस वर्षांत हे लोक कोर्टात कशाच्या जोरावर उभे राहिले? हजेरीचं रजिस्टर होतं, टोकन नंबर होता, पीएफचा हिशोब होता, युनियन होती. नाव कागदावर होतं म्हणून कोणालातरी पैसे द्यावे लागले. त्याच वेळी मिलच्या दारात चहा-पोहे विकणारे, सायकली दुरुस्त करणारे, त्यांचं पण सगळं गेलं, त्यांना एक पैसा मिळाला नाही कारण ते कुठे लिहिलेलेच नव्हते. मी पक्की नोकरी म्हणते ती एवढ्याच अर्थाने, उद्या बंद पडली तर तुझ्याकडे दाखवायला काय राहील?

आता तुझे दोन रस्ते. सीखो-कमाओमध्ये आयटीआयवाल्याला ८५०० मिळतात हे बरोबर, त्यातले ७५ टक्के सरकार देतं आणि बाकी वर्कशॉपवाला. म्हणजे त्याला माणूस जवळपास फुकट पडतो आणि वर्ष संपलं की तो तुला ठेवेलच असं नाही, नवीन पोरगा घेईल. म्हणून तिथे जाऊन एकच चौकशी कर, गेल्या वर्षीची पोरं आता कुठे आहेत? मालकाला नाही विचारायचं, चहाच्या टपरीवर त्यांच्यातल्याच कोणाला विचार. दोन-तीन जण तिथेच पगारावर लागले असतील तर डोळे मिटून जा, कारण तेरा आणि साडेआठमधला फरक वर्षभरापुरता आहे आणि चांगल्या मशीनवर हात बसला तर पुढे वीस वर्षं कामाला येतो. मशीन कुठली आहेत ते पण बघ, सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, हात लावू देणार का नुसतं झाडू मारायला आणि सामान आणायला पाठवणार.

ठेकेदाराचं असं की तेरा हजारात काय काय कापून येणार ते विचार. पीएफ तुझ्या नंबरवर भरणार का? यूएएन म्हणजे तुझा पीएफचा नंबर, तो एकदाच बनतो, ठेकेदार बदलला तरी तोच राहतो, दरवेळी नवीन बनवून देतो म्हणाला तर समज गडबड आहे. ठेकेदाराने पीएफ भरला नाही तर ज्या कंपनीत तू काम करतोयस तिची पण जबाबदारी असते, हे फार कमी पोरांना माहिती असतं. आणि पीथमपूर जवळ नाही भिया, परदेशीपुऱ्यातून तर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, कंपनीची बस येते का, रात्रपाळी सुटल्यावर परत कसा येणार, हे न विचारता हो म्हणू नको. भाड्यात आणि बाहेरच्या जेवणात तीन हजार गेले तर तुझे पण दहाच राहिले.

माझं मत विचारशील तर, घरात तुझ्याशिवाय कमावणारं कोणी नाही, आजीच्या औषधाला पैसे लागत असतील, तर ठेकेदाराकडे पीएफ-ईएसआय खरंच असेल तर तिकडे जा. ईएसआयमध्ये आई तुझ्यावर अवलंबून म्हणून धरली जाते, शिकाऊ उमेदवाराला हे काही नसतं. आईच्या लाडली बहनाची चिंता करू नको, त्या नियमात कुटुंब म्हणजे नवरा-बायको आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली मुलं, कमावता मुलगा त्यात मोजायचा नसतो. तरी समग्र आयडीत, म्हणजे राज्य सरकारच्या कुटुंबांच्या नोंदीत, नावं कशी आहेत ते महापालिकेच्या झोनच्या ऑफिसात एकदा दाखवून घे, तिथे घोळ असला की मग मुख्यमंत्री हेल्पलाईनला, १८१ वर, फोन करत बसावं लागतं.

प्रश्न : आमचं सुदामानगरमध्ये महिला मंडळ आहे. दरवर्षी दिवाळीला वस्तीत राशनचे किट वाटतो. दोन वर्षांपूर्वी ठरवलं की नुसतं वाटण्यापेक्षा पायावर उभं करू, म्हणून शिलाई मशीन दिल्या. आता बघितलं तर बहुतेक मशीनींवर कपड्यांची गाठोडी ठेवलेली (फोटो पाठवतेय), दोन विकल्या पण. आमचं मन उडालंय. पुढे काय करावं?

उत्तर : फोटो बघितला. एका मशीनवर देव मांडलेत, तेवढी तरी वापरात आहे म्हणायचं.

अहो पण मशीन घेऊन ती बाई शिवणार कोणासाठी? वस्तीत आधीच तीन जणी फॉल-पिको करतात, रेडीमेड ब्लाऊज दोनशेला मिळतो, कापडाला पैसे पाहिजेत, आणि शिकवणी तुमची पंधरा दिवसांची. मशीन देणं सोपं असतं, फोटो छान येतो, पुढे ऑर्डर कुठून येणार हे कोणी विचारत नाही. आणि खरं सांगायचं तर जी आधीपासून शिवणकाम करते तिला मशीन-बिशीन सरकारच देतंय. पीएम विश्वकर्मा योजनेत दर्जी, म्हणजे शिंपीकाम, आहे, ट्रेनिंगचे रोजचे ५०० रुपये, अवजारांसाठी १५००० चं व्हाउचर, मग पाच टक्के व्याजाने एक लाखापर्यंत कर्ज, घरातल्या एकालाच मिळतं. तुम्ही तिचा फॉर्म भरून द्या, कागद जुळवून द्या, मशीनचे पैसे वाचवा.

मग ते पैसे कशाला लावायचे? बंगालमध्ये बंधन नावाच्या संस्थेने मुर्शिदाबादकडच्या अगदी गरीब बायकांसोबत एक काम केलं होतं, मुळात ती पद्धत बांगलादेशच्या ब्रॅक या संस्थेची, २००२ ची. त्यांनी बाईला गाय किंवा शेळ्या किंवा दुकानाचा माल दिला, तुमच्या मशीनसारखंच. पण सोबत काही महिने दर आठवड्याला घरखर्चाला थोडे पैसे दिले, म्हणजे शेळी विकून पोट भरायची वेळ येऊ नये, आणि दीड वर्ष एक माणूस दर आठवड्याला घरी जायचा, काय चाललंय, कुठे अडलं ते बघायला. दहा वर्षांनी अभ्यास करणारे परत गेले तरी त्या बायकांची कमाई बाकीच्यांपेक्षा जास्त होती. सहा देशांत असंच करून बघितलं, त्याचा अहवाल २०१५ मध्ये आला, त्यातही बहुतेक ठिकाणी जमलं. मला यातलं शेळीपेक्षा ते दर आठवड्याचं येणं-जाणं महत्त्वाचं वाटतं. तुमच्या मंडळात वीस-पंचवीस जणी असतील, दुपारी मोकळ्या असतात, एकेकीने एकच घर धरायचं. किट वाटायला एक दिवस लागतो, याला वर्ष लागतं, म्हणून कोणी करत नाही.

आणि ते घर शिवणकामालाच लावायचं असं डोक्यातून काढा. तुमच्याच भागात किती हॉस्पिटलं, शाळा, मॉल आहेत, तिथे हाऊसकीपिंग, कँटीन, आया, सिक्युरिटी अशी कामं निघत राहतात, पगार बारा-तेरा हजार, पीएफ असतो. बाया तिथे लागत नाहीत असं नाही, लागतात आणि महिन्या-दीड महिन्यात सोडतात. का ते जाऊन विचारा. कारणं फार साधी निघतात. अंगणवाडी दुपारी सुटते आणि शिफ्ट सहापर्यंत, मग लहान पोराला कुठे ठेवायचं. बँकेचं खातं आधारला जोडलेलं नाही म्हणून पगार अडकला. आधारवर एक नाव, समग्रमध्ये दुसरं, पीएफचं केवायसीच होत नाही. बूट काळे पाहिजेत, नाहीतर आत घेत नाहीत, बुटाला सहाशे रुपये नाहीत. नवरा म्हणतो रात्री आठ वाजता कुठून येतेस. सासू म्हणते पाहुणे आलेत, आज सुट्टी घे, आणि तीन सुट्ट्यांत नोकरी गेली.

यातल्या अर्ध्या गोष्टी तुमच्या मंडळाच्या पैशात बसतात. एका घराच्या पुढच्या खोलीत पाळणाघर चालवा, दोन ते सात, वस्तीतलीच एखादी आजी पगारावर ठेवा, तिलाही काम. ज्या कंपनीत पन्नास किंवा जास्त लोक आहेत तिथे पाळणाघर कायद्याने द्यायचं असतं, हे त्या मॅनेजरला जाऊन सांगा, तुम्ही चार जणी साडी नेसून एकदम गेलात की तो निदान बसायला तरी सांगेल. पहिल्या दोन महिन्यांचा सिटी बसचा पास काढून द्या. बूट घेऊन द्या. पहिल्या पगारापर्यंत उसने द्या. आणि नवऱ्याशी, सासूशी बोलायला मंडळातली वयाने मोठी असेल तिला पाठवा, हे काम कोणतीही संस्था करू शकत नाही, आपल्या मावशी-काकू करू शकतात.

मन उडू देऊ नका. विकल्या त्या दोन मशीनींचा राग सोडा, विकणारीला तेव्हा पैशाची गरज होती. ज्या पडून आहेत त्या परत मागा आणि एका जागी लावा, शाळेच्या गणवेशाची ऑर्डर मिळाली तर बघा, ऑर्डर आधी, मशीन नंतर.

प्रश्न : राग मानू नका पण तुम्ही दरवेळी यांचीच बाजू घेता. बायकांना घरबसल्या पैसे, फुकट धान्य, फुकट इलाज, मग काम कोण करणार? मला दुकानावर माणूस मिळत नाही. हे सगळं बंद केलं की सगळे आपोआप कामाला लागतील. (एक वाचक, खजुरी बाजार)

उत्तर : राग कशाचा काका. पण पंधराशे रुपयांत महिना काढून दाखवा, मग बोलू.

गंमत म्हणजे याची परीक्षा आपल्या इथेच झालीय. २०११-१२ मध्ये 'सेवा' (SEWA) या कष्टकरी बायकांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने इंदूरच्या आसपासच्या आठ गावांत प्रत्येक माणसाला दर महिन्याला पैसे दिले, कुठलीही अट नाही, मोठ्यांना २०० आणि मुलांना १००, वर्षभराने ३०० आणि १५०. शेजारच्या बारा गावांत दिले नाहीत, नुसतं बघितलं. तुमच्या हिशोबाने त्या आठ गावांत लोकांनी खाट टाकून झोपायला पाहिजे होतं. झालं उलटं, कामाचे तास वाढले, दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी कमी करून लोक स्वतःच्या शेतावर जास्त राबले, कोणी बी-बियाणं घेतलं, कोणी शिलाई, कोणी छोटं दुकान. नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सोबत्यांनी सहा देशांतल्या सात योजना तपासल्या, २०१७ ला छापलं, पैसे मिळाले म्हणून लोकांनी काम सोडलं असं त्यांनाही दिसलं नाही.

तुम्हाला माणूस मिळत नाही त्याचं कारण दुसरं असू शकतं. किती देता? सकाळी दहा ते रात्री दहा, आठ हजार, सुट्टी कापून? तेवढे सिटीत खाणं पोचवणारा पोरगा बाइकवर कमावतो, त्याच्याकडे पण काही पक्कं नाही, पण मालकाची शिवी तरी नाही. बारा हजार लिहून बघा बोर्डावर.

प्रश्न : माझा पोह्याचा ठेला आहे, मालवा मिलजवळ. मुलाला पण ठेल्यावर घेऊ का नोकरीला लावू? ठेला मोठा करायला पैसे नाहीत.

उत्तर : दादा, सकाळी अकराला तुमचे पोहे संपतात का उरतात? संपत असतील आणि गिऱ्हाईक परत जात असेल तर दुसरा माणूस लागतो, उरत असतील तर मुलगा घेऊन उरणंच वाढेल. संपत असतील असं धरून सांगते. पीएम स्वनिधीत, म्हणजे ठेलेवाल्यांसाठीच्या सरकारी कर्ज योजनेत, आता पहिल्यांदा १५००० मिळतात, वेळेवर फेडलं तर २५०००, मग ५००००, आणि वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात सात टक्के परत येतात. योजना मार्च २०३० पर्यंत वाढवलीय. निगमचं, म्हणजे महापालिकेचं, विक्रेत्याचं सर्टिफिकेट किंवा शिफारसपत्र लागतं, ते आधी काढा. सावकाराकडून डेलीवर, म्हणजे रोज फेडायच्या हप्त्यावर, घेतलेलं असेल तर पहिल्या पैशातून तेच बंद करा, ठेल्याचं छप्पर नंतर. मुलाला मात्र काही दिवस नोकरी करू द्या, सकाळी पोहे आणि दुपारची शिफ्ट दोन्ही जमतात, घरात एकाचा ईएसआय असणं किती कामाचं ते तुम्ही टिळकनगरच्या उत्तरात वाचलं असेल.

प्रश्न : मी कारखाना सोडला, पीएफमध्ये बावीस हजार आहेत. मैत्रीण म्हणते काढून टाक, स्कूटी घे. काढू?

उत्तर : दुसरीकडे लागणार असशील तर नको गं. तोच यूएएन नवीन ठिकाणी दे आणि ट्रान्सफर कर. पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी भरावी लागते, मधेच पेन्शनचे पैसे काढलेस की ती वर्षं पुसली जातात, परत शून्यापासून मोजायचं. स्कूटीने कामाला जायला सोपं पडणार असेल तर ती नोकरी लागल्यावर हप्त्यावर घे. आणि कारखाना का सोडलास ते लिहिलंच नाहीस. पगार थकवला असेल तर पुढच्या वेळी ते पण लिही, त्याचा वेगळा रस्ता आहे, लेबर ऑफिसात अर्ज कसा करायचा ते सांगते.